पाच दगडांना पॉलिश

ता. ३

ती. बाबांस सा. न. वि. वि.

घरी ठेवलेली दगडांची पेटी पोचली. उघडली आणि एकेक दगड उलटून पाहिला. बाबा, पाचही दगड घासून चकचकीत केलेत! अहो, ते काय ओट्याला बसवायचे होते? पंधरा तारखेला मला वर्गात खडकांचे प्रकार शिकवून दाखवायचेत, मागच्या बाकावर प्राचार्य बसणार. तास जमला तर नोकरी कायम, नाहीतर तुमची गोटी परत घरी. मुलांनी दगड जसेच्या तसे बघावेत म्हणून डोंगर तुडवून आणले होते मी. आता काय दाखवू, माझं तोंड? तेही दिसतंय त्यांच्यात.

रागावलेली, तरी तुमचीच,
गोटी

ता. ६

चि. गोटीस अनेक आशीर्वाद.

चुकलो बाई. बाप पाथरवट आणि पोरीकडे एक धड दगड नाही, असं कुणी म्हणू नये म्हणून हात फिरवला. पण घासताना एकेकाचा स्वभाव कळला. ठिपक्यांच्या दगडाचे दाणे चांगले निवांत वाढलेत. काळ्यात दाणाच दिसेना, घाईघाईत थिजल्यासारखा. तिसरा म्हणजे रेतीचे थरावर थर. पट्ट्यांचा तर कुणी पिळून काढल्यासारखा वाकडातिकडा. पांढुरका मात्र एकाच बाजूने घासलाय. आत शिंपला दिसला. कुणाचं तरी घर ते, मशीन बंद केलं.

आई माझ्याशी बोलत नाहीये. तू तरी बोल.

बाबा

ता. १६

ती. बाबांस सा. न. वि. वि.

काल उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. शेवटी पर्समधलं तुमचं पत्रच वाचलं आणि एकेक दगड मुलांच्या हातात दिला. ठिपक्यांचा जमिनीखाली सावकाश थंड झाला, काळा म्हणजे बाहेर येऊन भरभर थिजलेला लाव्हा, दोघेही अग्निजन्य. रेतीचा आणि शिंपल्याचा, हे दोन्ही गाळ साचून झालेले. पट्ट्यांचा आधी वेगळाच होता, खोलवरच्या उष्णतेने आणि दाबाने त्याचं रूप पालटलं. ओबडधोबड दगडात मुलांना यातलं निम्मंही दिसलं नसतं.

नोकरी कायम झाली, बाबा! प्राचार्यांनी विचारलं, हे पत्र लिहिणारे सर कुठल्या कॉलेजात असतात? मी खरं ते सांगितलं. म्हणाले, पुढच्या महिन्यात त्यांचाच तास ठेवा. याल ना?

लोभ आहेच, तो पॉलिशशिवायही चमकतो.
गोटी

ता. १९

चि. गोटीस अनेक आशीर्वाद.

पत्र आईने तीनदा वाचायला लावलं आणि बोलायलाही लागली. येतो. दगड मीच आणतो, तुला विचारल्याशिवाय बोटसुद्धा लावणार नाही. फक्त एक अडचण आहे. चौथीपर्यंत मी फळ्याकडे तोंड करून बसलो. फळ्याकडे पाठ करून उभं कसं राहायचं, तेवढं शिकव.

तुझा बाबा