नकाशातली विहीर

दि. ३ फेब्रुवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

तुझं पोचल्याचं कार्ड मिळालं. तीन ओळी, त्यातली एक डासांबद्दल. वहिनीने कार्ड उलटून पाहिलं, मागे काही राहिलंय का म्हणून.

सोबत नकाशा पाठवतोय. गेल्या वर्षी आम्ही दोघं सुट्टीला त्याच भाड्याच्या घरात महिनाभर राहिलो होतो आणि रोज पायी हिंडायचो. आठवलं तसं काढलं आहे. मागच्या दाराने निघायचं, लाकडी फाटक ओलांडलं की गवताचा माळ लागतो. बोरीच्या झुडपांपाशी डावीकडे उतार आहे, खाली वाळूचा किनारा, आणि किनाऱ्याने चालत गेलं की दीपगृह. नकाशा कचेरीत चौतीस वर्षं रेघा ओढल्या, त्यामुळे हात थरथरत असला तरी रेघ सरळ आली आहे.

आता मुद्द्याचं. मेहुण्यांना जाऊन आठ महिने झाले आणि तू अंगणाबाहेर पडली नव्हतीस, म्हणूनच तुला महिनाभर तिकडे धाडलं. आई एकटी राहू शकणार नाही असं तुझ्या लेकीला वाटतं. महिनाअखेरीस तुझ्या राहत्या घराला कुलूप लावून तुला स्वतःकडे न्यायचं तिच्या मनात आहे. तू हटून बसलीस म्हणून तिने निर्णय माझ्या गळ्यात टाकला. मामा सांगेल तसं, म्हणाली. मला पंचवीस तारखेपर्यंत तिला कळवायचं आहे. तेव्हा हिंड, आणि काय काय पाहिलंस ते सविस्तर लिही. तुझ्या पत्रांवरच मी तिला काय ते सांगणार.

गुडघा दुखला तर शेक. आमची माया आहेच, तू पत्रांनी ती ताजी ठेव.

तुझा दादा

दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नकाशा मिळाला आणि माझी चंगळ झाली. रोज सकाळी चहा झाला की मी निघते. फाटक, माळ, बोरी, सगळं तू दाखवलंस तिथेच आहे. माळाच्या टोकाला नकाशातली तुझी विहीर लागली. कठड्यावर घटकाभर टेकले, पाणी शेंदून प्याले. इतकं गोड पाणी की बाटली भरून घरी आणली. मग उताराने किनाऱ्यावर गेले आणि दीपगृहापर्यंत चालत जाऊन आले. गुडघ्याने कुरकुर केली नाही.

लेकीला खुशाल कळव की तिची आई तिच्यापेक्षा जास्त चालते. माझ्या घराची किल्ली माझ्याकडेच राहील, असंही लिही.

वहिनीला नमस्कार. ती माझी चेष्टा करते त्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझी खार

दि. १४ फेब्रुवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग वहिनीला वाचून दाखवलं. विहीर आली तशी ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली.

तिथे विहीर नाही गं. आमच्या कचेरीत हाताने काढलेल्या प्रत्येक नकाशात एक बारीकशी खोटी खूण टाकायची पद्धत होती. कुणी आमचा नकाशा चोरून गिरवला तर त्या खुणेवरून चोर सापडायचा. चौतीस वर्षांची खोड, तुझा नकाशा काढतानाही हाताने परस्पर विहीर काढली. तुला पकडायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तुझं पत्र येईपर्यंत मला ती आठवलीही नव्हती.

मी रागावलो नाही. वाईट मात्र फार वाटलं. इतकी वर्षं मला शेंडी लावायची तर तू आधी हसायचीस, या वेळी न हसता लावलीस. लेकीला मी अजून काही लिहिलेलं नाही. तिच्याशी खोटं बोलायला मला लावू नकोस. चार पावलं चालली असशील तर चारच लिही, ती मला पुरतील.

वाट पाहणारा,
दादा

दि. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मला तुझाच राग आला. बहिणीच्या नकाशात कुणी चोरासाठी सापळा लावतं का? मग लाज वाटली, आणि मग मी बराच वेळ रडले.

खरं हे की नकाशा आल्यावरही दहा दिवस मी फाटकापलीकडे गेले नाही. रोज जायचे, कडीवर हात ठेवायचे, पुढे कुणी नाही हे दिसलं की परत फिरायचे. एकोणतीस वर्षं हे पुढे आणि मी मागे. त्यांच्या सदऱ्याची पाठीवरची शिवण मी डोळे मिटून सांगेन, पण रस्ता एकही सांगता येणार नाही. घर सोडायची भीती वाटत होती आणि घराबाहेर पडायचीही. म्हणून तुझ्या नकाशावर बोट फिरवून पत्र लिहिलं.

पंधरा तारखेला तुझं पत्र आलं. सोळाला मी कडी काढली, ती निव्वळ हट्टाने. विहीर शोधून तुला तोंडघशी पाडायचं होतं. माळाच्या टोकाला गेले तर खरंच काही नाही, एक सपाट दगड आहे. त्यावर बसून डबा खाल्ला. पुढे बोरींपाशी आले तर तुझा डावीकडचा उतार ढासळलेला. उजवीकडून उतरले आणि हरवले. खडकांमधून भलत्याच किनाऱ्यावर निघाले, घोट्यापर्यंत पाण्यात, चपला हातात. घाबरले, हे कबूल करते. एक बाई जाळं विणत बसली होती, तिला रस्ता विचारला. तिने हात दाखवला पण उठली नाही, तिचं काम चालू होतं. त्यामुळे मला एकटीलाच यावं लागलं. दीड तास लागला, आणि आले.

नंतर तिन्ही दिवस गेले. दीपगृह अजून झालेलं नाही, गुडघा दुखतो. तुझा नकाशा पेन्सिलीने दुरुस्त करून सोबत पाठवतेय. विहीर खोडली आहे आणि दगड काढला आहे. माझ्या नकाशातही मी एक खोटी खूण टाकली आहे. कुठे ते सांगणार नाही. इथे येऊन, चालून शोध.

लेकीला तुला वाटेल ते लिही. मी मान्य करीन.

तुझ्या ओरड्याला अजून घाबरणारी,
खार

दि. २४ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर. तुझी आई सोळा तारखेला हरवली होती. माझ्याच नकाशामुळे हरवली, तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. अनोळखी किनाऱ्यावरून रस्ता विचारत ती एकटी घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. हे सगळं तिने स्वतः लिहून कळवलं आहे. तिच्या घराला कुलूप लावू नकोस. किल्ली तिचीच राहू दे, तू अधूनमधून जाऊन राहत जा.

मामी आणि मी शनिवारी तिच्याकडे निघतोय. तिने काढलेल्या नकाशात एक चूक आहे. मी दोन दिवस भिंग घेऊन बसलोय, इथून ती सापडत नाही.

तुला जपणारा,
मामा