मालक कोण

दि. ९ ऑगस्ट

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. कंबर कशी आहे? धाकटीचा दात पडला का? मी बरी आहे. पडदे धुतले, जिना धुतला, आता धुवायला काही उरलं नाही म्हणून लिहायला बसले. फोनवर हे धड बोलता आलं नसतं.

इंटरनेटवरच्या पत्त्यांचे, म्हणजे वेबसाइटच्या नावांचे, नियम ठरवणाऱ्या समितीवर मला घेतलंय. तिथे कंपन्या, सरकार, पत्ते विकणारे, सगळ्यांचे लोक होते. छोट्या मालकांची खुर्ची मात्र रिकामी. त्यांच्या वतीनं बोलतं कोण, असं मी लिहून विचारलं, तर म्हणाले, तुम्हीच या. गेले तेव्हा माझ्या खुर्चीवर कंपन्यांच्या वकीलबाईंची पर्स होती. त्यांनी हसून उचलली.

आता नवा नियम येतोय. मालक वारला आणि वर्षभरात वारसानं पत्ता आपल्या नावावर केला नाही, तर तो काढून मागेल त्याला द्यायचा. वकीलबाई म्हणतात, असे बेवारस पत्ते भामटे उचलतात आणि लोकांना गंडवतात. ते खोटं नाही. पण एका मुलीनं मला लिहिलंय, तिच्या वडिलांचा पत्ता असाच जायची वेळ आलीय आणि तिला कुणी कळवलंही नाही. आधी घरी कळवा, तीन वर्षं थांबा, एवढंच माझं म्हणणं. बाकीची मतं दोन-दोन अशी विभागलीत. राहिलं माझं.

अध्यक्षांनी विचारलं, यात कुणाचा स्वतःचा स्वार्थ आहे का? वकीलबाई सरळ म्हणाल्या, "आहे की. आमच्या कंपनीला असे चार पत्ते हवेत." सगळे हसले. मग माझ्याकडे बघितलं. मी कपातल्या चहाकडे बघत राहिले.

हे जाऊन वर्ष उलटलं, तरी यांच्या शिवणयंत्र-दुरुस्तीच्या वेबसाइटचा पत्ता अजून यांच्याच नावावर आहे. तुम्ही कितीदा म्हणालात, "वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे." कधी मी चष्मा सापडत नाही म्हटलं, कधी पाहुणे आलेत. वीज, बँक, घर, सगळीकडून मीच यांना काढलं. भराभर सह्या केल्या. इंटरनेटवर मात्र मालक कोण म्हणून शोधलं की अजून हेच येतात. मी अधूनमधून उगाच शोधते.

आता चैन पडत नाही. स्वतःचं लपवून त्या मुलीसाठी कशी बोलू? आणि उठून आले तर खुर्चीवर पुन्हा पर्स.

तेव्हा पत्त्यावरचं नाव बदला. गुरुवारी बैठक आहे, त्याच्या आत करा. माझा स्वार्थ होता, हे मी तिथे कुणी न विचारता सांगणार आहे. झाल्यावर मला कळवू नका. आणि मी पुन्हा "राहू द्या" म्हणाले, तर ऐकू नका.

तुमच्या दादांची बायको, आणि गुरुवारपासून मालकीण,
वहिनी