न मोजलेले चार गोल

हॅलोफील्ड, जानेवारी १८९१

प्रिय हेस्टर, तुला दादाचे आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे?

फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत आपला संघ तळाला आहे. पण काल चषकाचा सामना आम्ही चार-एकने जिंकला! तुझ्या अल्फ्रेडने दोन गोल केले. शाळेत आपण पाठ केलेली विजयाची कविता मी म्हणू लागलो, तोच समोरच्या संघाचा चिटणीस चिठ्ठी घेऊन आला. मैदान गोठलंय, म्हणून हा सामना चषकात धरू नये, असं दोन्ही कप्तानांनी खेळण्याआधीच लिहून दिलं होतं. आणि आमचा कप्तान अल्फ्रेडच!

"गाढवा, बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर कोण धावलं असतं, मामा?"

बुधवारी पुन्हा खेळायचंय. त्याचा गुडघा जरासा सुजलाय, काळजी नको. पण खेळू नकोस, असं तूच त्याला तारेने कळव. मी सांगणार नाही. खरं सांगू, मलाही तो खेळायला हवाय.

तुझा चिडलेला दादा,
एडविन