ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू

४ मार्च, सकाळी ८
माझ्या दवाखान्यासमोरच दुसरं, नवीन डेंटल क्लिनिक उघडलंय. आपली काउंटरवरची मुलगी मागच्या आठवड्यात तिकडेच गेली. जाऊ दे. पण असिस्टंट ताई गेल्या तर माझं काही खरं नाही. अकरा वर्षं मी नुसता हात पुढे करतो आणि हवं ते हातात येतं. तेव्हा ठरलं. उद्यापासून स्टाफचं मोटिव्हेशन. स्टाफ म्हणजे ताईच.

५ मार्च
सकाळी दहा मिनिटं मीटिंग. विषय : हसतमुख सेवा. ताई गालाला हात लावून ऐकत होत्या. काय ती एकाग्रता. शेवटी काही शंका आहे का विचारलं. माझं एक होतं, म्हणाल्या. तेवढ्यात पेशंट आला.

८ मार्च
भिंतीवर पाटी लावली : 'आधी आपण हसू या'. ताई हसल्या नाहीत. ॲटिट्यूड प्रॉब्लेम. बायको म्हणाली, त्या दिवसभर मास्कमध्ये असतात, हसल्या की नाही हे तुला कसं कळतं? म्हटलं, डोळ्यांवरून. वीस वर्षं तोंडंच बघतोय मी.

११ मार्च
ताईंनी डबा उघडलाच नाही. नुसतं कोमट पाणी, तेही एका बाजूने. डाएट असणार. मीटिंगमध्ये त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लागू पडतंय.

१२ मार्च, दुपारी
अपॉइंटमेंटच्या वहीत पाच वाजता ताईंनी स्वतःचंच नाव लिहिलंय. राजीनाम्याचंच बोलणार. नाव खोडून तिथे कवळीवाले आजोबा घातले. ऐकलाच नाही तर राजीनामा कसला? ताईंनी वही बघितली आणि आजोबांची कवळी काढून ठेवली. संकट टळलं.

१४ मार्च
ताई रजेवर. दिवसभर सवयीने हात पुढे केला आणि रिकामाच मागे घेतला. भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

१५ मार्च
ताई आल्या. मास्क खाली करून चक्क हसल्या. मी म्हटलं, मीटिंगांचा उपयोग झाला म्हणायचा. त्या म्हणाल्या, दाढ होती, डॉक्टर. तीन आठवडे ठणकत होती. काल समोर दाखवली. तिथे आधी विचारलं, कुठे दुखतंय. एक तारखेपासून कामालाही तिकडेच जाणार आहेत.

म्हटलं, बघू जरा. त्या खुर्चीत बसल्या, आ केला. मी हात पुढे केला. आरसा त्यांनीच दिला, तशाच आ करून.

रूट कॅनाल. समोरच्यांनी काम चांगलं केलंय. नावं ठेवायला जागा नाही.