विहारात लटलटलेले पाय

सुपा, १ एप्रिल १९९७

ताकेदासाहेब, सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की पोरं तुम्ही शिकवलेला फुटबॉल अजून रोज खेळतात. ते खरं नव्हतं. तुम्ही जपानला परतलात आणि महिनाभरात खेळ बंद पडला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तसं लिहिलं. ते पत्र कारखान्यातल्या प्रवीणदादाने इंग्रजीत करून दिलं होतं. हे मराठीतच राहील, पाठवणार नाही.

कारखान्यात मशीन बसवायला आलेले साहेब तिकडचे नावाजलेले खेळाडू होते, हे आम्हाला तुमच्या फोटोंवरून कळलं. गुडघा निकामी होईपर्यंत सगळं स्टेडियम तुमच्या नावाने ओरडायचं. बाबांना त्याचं अप्रूप नव्हतं. "जपानी म्हंजी आपलंच बौद्ध," म्हणत त्यांनी बुद्धपौर्णिमेला विहारात त्रिशरण सांगायला तुम्हालाच पुढे उभं केलं. तुम्हाला त्यातला एक शब्दही येत नव्हता. तरी खाली बसला नाहीत. मी हळूच सांगत गेले, तसं म्हणत गेलात.

आई कुजबुजली, "आगं, सायबाचं पाय बघ कसं लटलटत्यात."

नंतर तुम्ही हसून म्हणालात, स्टेडियममध्ये असं कधी झालं नव्हतं.

काल शेजारची शुभांगी म्हणाली, "ताई, तुला सायबानं शिकीवलंय. आता तू आमा पोरींना शिकीव की."

"लोक हसतील गं," मी म्हणाले.

रात्रभर तुमचे पाय आठवत राहिले. सकाळी चेंडूत हवा भरून आणली. माझेही लटलटतील, पण मुलींना घेऊन मैदानात उतरणार आहे.

तुमची,
जयमाला

ता. क. मैदानात उतरणार ते येत्या रविवारी, सहा एप्रिलला.