नेस्टाची अंत्ययात्रा

२६ एप्रिल १९३०, शनिवार

शेवटची टर्म! खोली तीच, समुद्र तोच. ट्रंक तशीच टाकली आणि खिडकीत तासभर नुसती बसले. धुकं इतकं खाली उतरलेलं की समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं, कळेना.

नेस्टा कार्डिफहून आली ती नवा कोट घालूनच. पिवळाधमक! "कशी दिसते?" "लोण्याच्या गोळ्यासारखी." "जळतेस मेली!" मग तोच कोट माझ्या अंगावर चढवून पाहिला. आमची मापं एक. तीन वर्षं एका खोलीत काढल्यावर कुठला कपडा कोणाचा, हेही आता विसरायला झालंय.

२९ एप्रिल

तासांच्या मधे खांबांच्या दालनात फेऱ्या. मुलं उजवीकडून, मुली डावीकडून — कॉलेज निघालं तेव्हापासूनची रीत. समोरासमोर यायचं, मान लववायची, पुढे जायचं. आज तिसऱ्या फेरीला मुलांच्या रांगेतला इडवल समोर आला, थांबला, वळला — आणि माझ्या बाजूने चालायला लागला! सगळ्यांनी रीतीप्रमाणे पाय आपटले. दालन नुसतं दणाणलं. मला मान वर करवेना. "चालत राहा," तो हळूच म्हणाला, "थांबलीस तर आणखी आपटतील."

नंतर ग्रीकचा तास झाला म्हणे. मी कुठे होते कोण जाणे.

१ मे

फेऱ्या. ऊन. तो. अभ्यास शून्य.

४ मे, रविवार

दुपारच्या चॅपेलच्या प्रार्थनेला दांडी मारली. जन्मात पहिल्यांदा! इडवलच्या मामाची होडी होती. वारा गार होता म्हणून नेस्टाचा कोट चढवून गेले.

कड्याखाली त्याने वल्ही आत घेतली. चॅपेलमधलं गाणं पाण्यावरून येत होतं — उंच-खालचे चारही आवाज वेगवेगळे ओळखू येत होते. बाबाही घरी याच वेळी गात असतील, खालच्या सुरात, मधे खोकत. आम्ही दोघं बोललोच नाही. पाण्यावरचं ऊन हलत होतं, तेच त्याच्या हनुवटीखाली हलत होतं. एवढंच. एवढ्यात पाप कुठे बसतं?

५ मे

मिस प्रॉसरनी — आमच्या वसतिगृहाच्या प्रमुख — खाली बोलावलं. मला नाही. नेस्टाला!

मिस्टर बेव्हन चॅपेलचे कारभारी, कॉलेजच्या मंडळावरही तेच. त्यांनी काल घराच्या माडीवरून दुर्बिणीतून पाहिलं — रविवार, होडी, एक मुलगा, आणि पिवळा कोट. तोंडं दिसली नाहीत. पण तसला कोट गावात एकच.

नेस्टा वर आली, बूट काढून पलंगावर फेकले. "झालं. हो म्हणून आले."

"काय हो म्हणून आलीस?"

"मीच होते म्हणून. मुलाचं नाव विचारलं, ते नाही सांगितलं."

मी उठले तर दाराला पाठ लावून उभी राहिली. "बस खाली. स्कॉलरशिप तुझी, पहिला वर्ग तुला मिळायचाय. तुझे बाबा पाटीच्या दगडाच्या खाणीत धूळ खातात ते कशासाठी? मी तर नापासच होणार होते. जरा आधी घरी जाते, इतकंच. आणि काय गं, रविवारी होडी पाप, मग दुर्बीण काय पुण्य?"

मी हसले. तिच्याबरोबर खरंच हसले! हे लिहून ठेवायलाच हवं.

७ मे

काढून टाकलेल्याला कॉलेज असंच स्टेशनवर पोचवतं — खोटी अंत्ययात्रा काढून. नेस्टा हातगाडीवर, ट्रंकेवर बसलेली, गळ्यात कोबीच्या पानांची माळ. पुढे काळ्या झग्यातली मुलं, मागे कंगव्याला कागद लावून वाजवणारे. दुकानदार दारात येऊन टोप्या काढत होते. हातगाडीची दांडी इडवलच्या हातात. सगळ्यांत मोठ्याने तोच गात होता.

मी काळा रुमाल घेऊन रडणाऱ्यांत. "काय अस्सल रडते टेग!" पोरींनी पाठ थोपटली.

आगगाडी हलली तशी नेस्टा ओरडली, "भूत होऊन छळीन एकेकाला!" सगळे खदखदले. मग तिने खिडकीची काच वर ओढली. काचेआड तिचं तोंड दिसलं. हसत नव्हती.

८ मे

इडवलला म्हटलं, आपण सांगून टाकू.

"सांगून ती परत येणार आहे? दोघं फुकट बुडू, टेग."

फेरीत तो माझ्या बाजूने चालत होता. चौथ्या खांबापाशी मी वळले आणि उलट चालू लागले. कोणी पाय आपटले नाहीत. त्याची रीत नाही.

१९ मे

नेस्टाचं पत्र. आधी सगळी थट्टा. शेवटी दोन ओळी: "बाबा जेवताना वर्तमानपत्र समोर धरतात, म्हणजे मी दिसत नाही. त्यांच्या दवाखान्यात पट्ट्या गुंडाळायला बसते, तर काही बायका माझ्या हातची पट्टी घेत नाहीत. असो. तू पहिला वर्ग आण, नाहीतर बघ!"

पुस्तक उघडून बसले. समुद्र दिवसभर तसाच, दुधासारखा. एक पान उलटलं नाही.

२ जून, सोमवार

उद्या पहिला पेपर. चहाच्या वेळी मिस प्रॉसरकडे गेले आणि सगळं सांगितलं. एका दमात, उभ्यानेच.

त्यांनी चहा ओतला. कप माझ्यापुढे सरकवला. "मला ठाऊक आहे, टेग रोलंड्स."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. नेस्टा त्या दुपारी डोकं दुखतं म्हणून पडून होती. चहा मीच वर नेऊन दिला होता."

मी खुर्चीची पाठ धरली.

"मंडळाला एक नाव हवं होतं," त्या म्हणाल्या. "ते तिने आपणहून दिलं. मुलींच्या जागा कमी करा म्हणून बेव्हन दर वर्षी उठतात. दहा वर्षांत इथल्या एकाही मुलीला पहिला वर्ग मिळालेला नाही. तुला मिळेल. मग त्यांना बसावं लागेल." साखरेचं भांडं पुढे केलं. "मला आवडलं असेल असं समजू नकोस. साखर?"

मी साखर घेतली. चहा संपवलाही.

३ जून

सकाळी, पेपरच्या आधी, मंडळाला पत्र लिहिलं. त्या रविवारी होडीत मी होते, नेस्टा नव्हती, आणि मिस प्रॉसरना ते माहीत होतं. खाली पूर्ण नाव. इडवलचं नाव घातलं नाही — ते त्याचं त्याने लिहावं. पत्र पेटीत टाकलं. मग परत काढायला फटीतून हात घालून पाहिला. पोचत नाही.