बॅलन्सचं बटन

मोरबी (गुजरात), ता. १२ जानेवारी

सिदू, दादाचा आशीर्वाद.

तू परत तेच केलंस. उजवा कान धडधाकट असताना फोन डाव्या कानाला लावायचा अन् "काय? काय?" करत बसायचं. रूममधली पोरं हसायलीत मला. म्हणून लिहितो. लिहिलेलं तरी ऐकू येईल तुला. सातवीतून सुटलेला माणूस हाय मी, चुका काढत बसू नको.

इकडं मी खुशाल. अप्पाची शुगर कशी हाय? मायला म्हणावं, तिनं दिलेली गोधडी पुरते.

आता अँप्लिफायरचं. बीडच्या दुकानदारानं दोन फोटो पाठवले. एक तीनशे वॅटचा, निळ्या लाइटीचा, साडेनऊ हजार. दुसरा साठ वॅटचा, दिसायला साधा, बारा हजार. त्याला बॅलन्सचं बटन हाय, कोणत्या बाजूच्या स्पीकरच्या डब्याला आवाज जास्त द्यायचा त्याचं. तू त्या बटनावर अडून बसलास. म्हणे, "दादा, दुकानात लावून बघितलं. डावा डबा जरा मोठा केला की मला दोन्हीकडून सारखं ऐकू येतंय." अरे, खोली दहा बाय बाराची, ऐकणारे तिघं. एकाच्या एका कानासाठी अडीच हजार जास्त? अन् वर वॅट कमी! शेजारी भागवतकाकाकडं दोनशेचा वाजतो. आपला त्याच्याहून मोठा पाहिजे.

तू म्हणतोस, आपल्या डब्यांना साठ वॅट बास. तुला लई कळतं. तवाबी तुलाच कळत होतं.

आपल्या सायलीच्या हळदीला मी भागवतकाकाचे दोन डबे आणले अन् आपल्या दोन डब्यांसंगं एकाच मशीनला जोडले. पावण्यांत वट दाखवायची होती. तू माझं मनगट धरलंस, "दादा, एवढा लोड घेणार न्हाई ते." मी म्हणलं, "सरक बे, इंजिनेर." तिसऱ्या गाण्याला धूर निघाला. अप्पा पळत आले, "कोणी जोडलं?" मी तुझ्याकडं बोट केलं. एवढंच केलं. हात अप्पाचा होता. एका चापटीनं कानाचा पडदा फाटतो, हे मला काय माहीत?

तवा तू तोंड उघडलं न्हाईस, ती तुझी चूक. अन् आता चार वर्षांनी म्हणतोस, "मशीनच नको दादा. अप्पाला एकदा खरं सांग. मला कुठल्याबी मशीनला हात लावू देत न्हाईत. चौसाळ्याच्या दुरुस्तीवाल्यालाबी सांगून आलेत, याला कामाला ठेवू नको, हा जाळतो."

सांगणार न्हाई. अप्पा पाटोद्याच्या बाजारात माझं नाव घेऊन छाती काढून फिरतात. तुझा कान गेला तो गेला, आता माझी इज्जत कशापायी घालवू?

मला काहीच वाटत न्हाई असं समजू नको. गेल्या महिन्यात डाव्या कानात कापूस घालून कामावर गेलतो. बघावं म्हणलं, कसं असतंय. टाइली वाहायची गाडी डावीकडून अंगावर आली, मला पत्ताच न्हाई. मुकादमानं गचांडी धरून ओढलं. तिथंच कापूस काढून फेकला. माझा निघाला.

त्या दिवशी मनात आलतं, सिदूला बटनवालाच घेऊन द्यावा. दोन दिवस तसंच वाटत होतं.

पाडव्याला मी येईन तवा मशीन जोडीन. तवर खोका फोडायचा न्हाई. जोडताना तू अंगणात थांब, अप्पाच्या जिवाला बरं वाटंल.

हे पत्र अप्पाला वाचून दाखवायचं मनात आलं तर खुशाल दाखव. घरात वाचता येणारा तू एकटाच. म्हणतील, यानं मनानंच जोडलं. हेबी.

तुझा थोरला भाऊ,
शहादेव

ता.क. माझ्या रूममधला बंकट मंगळवारी गावाकडं निघालाय. पैसे त्याच्याजवळ दिलेत, मोजून घे. साडेनऊ हजार.